एकटं पाणी

सरांच्या खोलीत गजरा घालून जायला बंदी होती. तेल लावून जायला बंदी, पावडर लावून जायला बंदी, आणि बडीशेप चघळत जाणाऱ्याला तर जन्मठेपच. पहिल्या दिवशी मी धुळ्याहून सकाळच्या एसटीने जळगावला उतरले तेव्हा आईने हौसेने घातलेली घट्ट वेणी, वेणीत मोगरा, पिशवीत तिखट शेव आणि आपण आता पीएच.डी. करणार याचा रुबाब, असा सगळा सरंजाम होता. सरांनी दारातच अडवलं. माझ्याकडे न बघता माझ्या आजूबाजूच्या हवेकडे बघत म्हणाले, "मोगरा, खोबरेल, शेव. आणि एसटीचं डिझेल. जा, नळाखाली डोकं धुऊन ये, मग नाव सांग."

मी डोकं धुऊन आले, तर म्हणाले, आता पाणी घेऊन आलीस, वाळेपर्यंत व्हरांड्यात बस. जळगावचं ऊन असल्यामुळे केस लगेच वाळले. राग वाळायला मात्र महिना गेला. आणि एवढं करून त्यांनी माझं नाव कधी वापरलंच नाही. मी त्यांच्यासाठी कायम 'धुळेकर' राहिले. आता मी धुळ्यातच एका कॉलेजात शिकवते, इथे सगळेच धुळेकर, त्यामुळे त्या नावाने मला कोणी हाक मारत नाही. कधीकधी ती हाक ऐकावीशी वाटते, इतकी की रस्त्यात दुसऱ्या कुणाला मारली तरी मी वळून बघते.

प्रयोगशाळेतला हा सगळा सोवळेपणा नखाएवढ्या एका चकतीसाठी होता. सिलिकॉनची चकती, तिच्यावर काचेसारखा एक थर, इतका पातळ की डोळ्यांना फक्त जांभळट झाक दिसायची. त्या थराला भोकंच भोकं. सर समजावून सांगत, "अनारशाची जाळी पाहिलीस ना, तीच. फक्त इथे अनारसाही दिसत नाही आणि जाळीही दिसत नाही, विश्वासावर चालायचं." ही भोकं पाडायची रीत मला अजून आवडते. थराच्या द्रावणात साबणासारखं काहीतरी मिसळायचं, चकती त्यात बुडवून हळूहळू वर काढायची, मग भट्टीत तापवायची. साबण जळून जातो आणि तो जिथे बसलेला असतो तिथे जागा उरते. सर म्हणत, आधी कोणीतरी राहून जावं लागतं, तेव्हा जागा होते.

मग हवेतले वायू येतात आणि त्या जागांमध्ये भिंतीला टेकून बसतात. कोण येतं, किती येतं, आणि हुसकावलं तरी कोण उठत नाही, हे शोधायचं आमचं काम. त्यासाठी एक यंत्र होतं. ते चकतीतून अवरक्त प्रकाश पाठवायचं. म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, शेकोटीच्या धगीत असतो तो. प्रत्येक रेणू आपापल्या तऱ्हेने हलत असतो आणि त्या प्रकाशातला आपला ठरलेला घास खातो. कुठला घास कमी पडला ते बघायचं, की आत कोण बसलंय ते कळतं. कागदावर त्या जागी एक उंचवटा येतो. त्याला जगात काहीही म्हणोत, आमच्या खोलीत 'टेंगूळ' म्हणायचे, कारण सर तसं म्हणत.

एकदा विभागप्रमुख दिवाळीच्या आधी अत्तर लावून आमच्या खोलीत आले. काम काही नव्हतं. त्या खोलीत यंत्राच्या मिजाशीपायी दिवसभर एसी असायचा, त्यामुळे विभागातल्या बऱ्याच लोकांना संशोधनाची गोडी लागलेली असे. पाच मिनिटं बसून, चहाची आठवण येऊन ते गेले. सरांनी समोरच्या बशीतली चकती यंत्रात ठेवली, अत्तराचं टेंगूळ आलेला आलेख काढला आणि दुसऱ्या दिवशी प्रमुखांच्या टेबलावर नेऊन ठेवला. म्हणाले, "हे तुम्ही काल आमच्याकडे विसरून गेलात." प्रमुखांना ते कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर सरांना पुढची दोन वर्षं एकही समिती मिळाली नाही. सरांनी त्याबद्दल पेढे वाटले.

यंत्र सुरू करण्याआधी सर त्याच्या पाठीवर बोटाने टकटक करत आणि "झोप झाली का?" विचारत. चकती बशीतून यंत्राच्या कोठीत ठेवायच्या क्षणी खोलीतल्या सगळ्यांनी श्वास रोखून धरायचा, कारण श्वासातली वाफसुद्धा त्या थराला पुरेशी असते. सरांचा हात थोडा कापायचा, त्यामुळे चकती बसायला वेळ लागे, आणि आम्ही दोघं गाल फुगवून एकमेकांकडे बघत उभे. एकदा मला हसू आलं. दिवसभराचं काम वाया गेलं, तरी ते ओरडले नाहीत. तेही हसत होते.

आणखी एक रीत होती. भट्टीतून काढलेली चकती ते लगेच यंत्रात घालत नसत. उघड्या काचेच्या बशीत ठेवून खोलीत तशीच राहू देत, कधी दिवसभर, कधी जास्तही. मी विचारलं तर म्हणाले, "पाहुणा आला की आल्या आल्या त्याला कामाला लावतात का? बसू दे त्याला. खोलीची ओळख होऊ दे." त्यामागचं शास्त्र असं की खोलीतल्या हवेतलं पाणी हळूहळू थरात जावं. कारण सरांचं सगळं आयुष्य त्या पाण्यात गेलेलं होतं.

ते काय पाणी, हे त्यांनी मला मेहरूण तलावाच्या काठी सांगितलं. संध्याकाळी तलावाला चक्कर मारायचा त्यांचा नेम होता, आणि हातात उघडी छत्री. ऊन उतरलेलं असो, आभाळ कोरडं असो, छत्री उघडीच. लोक हसत. सर म्हणत, मिटलेली छत्री घेऊन फिरणं म्हणजे ओझं, उघडली की निदान ती कामाला लागते. त्या छत्रीच्या सावलीच्या बाहेरून चालत मी ऐकत होते. पाण्याचे रेणू, सर सांगत होते, मोठे गोतावळेवाले असतात. एकमेकांचे हात धरल्याशिवाय त्यांना करमत नाही. थेंब म्हणजे तेच, बर्फ म्हणजे तेच. पण आपल्या थरातल्या अगदी बारीक भोकांमध्ये एका वेळी एकच रेणू मावतो. तिथे पाणी एकटं असणार. कुणाचा हात धरलेला नाही असं पाणी. ते वेगळ्या तऱ्हेने हलेल, आलेखात वेगळ्या जागी दिसेल.

"आणि ते दिसतं, धुळेकर. आपल्याला दिसतं."

ते टेंगूळ मी पाहिलेलं होतं. नेहमीच्या पाण्याच्या थोडं अलीकडे, लहानसं पण ठसठशीत. पंपाने सगळी हवा खेचून घेतली, नेहमीचं पाणी निघून गेलं, तरी ते हलायचं नाही. सर त्याला 'एकटं पाणी' म्हणायचे. नव्या चकतीवर सोमवारी ते जेमतेम असे, बुध-गुरुवारपर्यंत वाढे. सर म्हणत, साहजिक आहे, एकट्याला आत शिरायला वेळ लागतो. थरात त्यांनी चांदीचा थोडा अंश घातला होता, पाणी कुठे बसतं ते चांदीमुळे कळेल असा त्यांचा हिशेब होता. कितीतरी वर्षं ते त्या टेंगळामागे होते. सरांनी लग्न केलं नव्हतं. क्वार्टरमध्ये एक खाट, एक कुकर आणि भिंतीला टेकून ठेवलेली छत्री. मी तोंडावर कधी म्हटलं नाही, पण मनात यायचं की हा विषय दुसऱ्या कुणाला सुचलाच नसता.

मी गेले त्याच्या तिसऱ्या उन्हाळ्यात सर निवृत्त व्हायचे होते. एकट्या पाण्यावरचा त्यांचा लेख एका मोठ्या नियतकालिकाकडे गेला होता आणि चक्क परत आला नव्हता. परीक्षकाने कौतुक केलं होतं, फक्त एक शेवटची आकृती मागितली होती. अगदी कोरडा थर घ्या, मग त्याला थोडंथोडं पाणी द्या, आणि हे टेंगूळ पाण्याबरोबर वाढतं ते दाखवा. एवढं दाखवलं की सरांचं आयुष्यभराचं म्हणणं खरं ठरणार होतं. नाहीतर निवृत्तीनंतर यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात, आणि एकटं पाणी हे सरांच्या वेडांपैकी एक. छत्रीच्या शेजारचं.

आता केळ्यांचं सांगायला हवं. सरांचं गाव चोपड्याकडे, तापीच्या काठी. दर रविवारी ते गावी जात, मोठ्या बहिणीकडे. तिला सगळं गाव अक्का म्हणायचं, सरही अक्का, मीही अक्का. अक्का लग्नानंतर लवकरच एकट्या पडल्या आणि माहेरी परत आल्या. आईवडील गेल्यावर केळीची बाग त्यांनीच सांभाळली, आणि त्या बागेवर धाकट्या भावाला शिकवलं. सोमवारी सर परत येत ते केळ्यांची एक हिरवी फणी घेऊन. अक्का स्वतः कापून द्यायच्या. बाहेरच्या उन्हात केळी दोन दिवसांत काळी पडतात, म्हणून ती फणी आमच्या थंडगार खोलीत, यंत्राच्या मागे, खिडकीच्या कडीला सुतळीने टांगलेली असे. गुरुवारपर्यंत पिवळी व्हायची. मग सर ती व्हरांड्यात नेऊन सगळ्यांना एकेक वाटत. खोलीत खायला बंदी होतीच.

गजऱ्याला बंदी, बडीशेपेला बंदी, आणि केळ्याची फणी डोळ्यांसमोर लटकलेली. कुणाच्या कधी मनातसुद्धा आलं नाही. पुण्याचा माणूस असता तर पहिल्या दिवशी विचारलं असतं. आम्ही खानदेशातली माणसं, आम्हाला केळं म्हणजे भिंत, खुर्ची, पंखा यांच्यासारखंच. त्याला वास असतो हे आम्हाला कुणीतरी सांगावं लागतं.

त्या वर्षी ती शेवटची आकृती काढायची आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दोन्ही एकदम आलं. आखाजीला आमच्याकडच्या लेकीबाळी माहेरी जातात, झोके बांधतात, आणि घरोघर गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची नवी घागर भरतात. सर आईवडिलांची घागर भरायला दरवर्षी गावी जात, आणि एकदा गेले की आठवडाभर त्यांचा फोन लागत नसे. जाताना म्हणाले, तूही जा धुळ्याला, परत आलो की काढू आकृती. पण परीक्षकाची मुदत जवळ आली होती. मी म्हटलं, मी थांबते, तुम्ही येईपर्यंत काढून ठेवते. आईने फोनवर ऐकवायचं ते ऐकवलं. कडुलिंबाला बांधलेल्या झोक्यावर शेजारची पोरं बसताहेत, हे तिने मला मुद्दाम सांगितलं.

मी सरांच्या रीतीने सगळं केलं. चकती तापवली, बशीत बसवली, खोलीची ओळख होऊ दिली, एकटीच्या खोलीत एकटीनेच श्वास रोखला. आलेख काढला. नेहमीचं पाणी होतं. एकटं पाणी नव्हतं.

मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. दुसरी चकती केली. तिसरी केली. पंप तपासला. आलेखाची ती जागा सपाट, सारवलेल्या अंगणासारखी. पाणी वाढवलं तर नेहमीचं टेंगूळ फुगत जाई, आणि शेजारी काही नाही. मला भूक लागेना. सरांची एवढी वर्षं माझ्या हातून निसटून चालली आहेत असं वाटत होतं, आणि सांगायला कोणी नव्हतं. विभाग सुट्टीमुळे ओस पडलेला. मी यंत्राच्या पाठीवर टकटक करून झोप झाली का विचारून पाहिलं. त्याचा उपयोग झाला नाही.

सर आले ते नेहमीसारखे फणी घेऊन. या खेपेला सणामुळे केळी झाडावरून आधीच उतरवून ठेवलेली, चांगली पिकलेली होती. मी आलेख पुढे ठेवले आणि रडायला लागले. ते म्हणाले, रडू नको, अश्रूंचं पाणी थरात गेलं तर वेगळंच टेंगूळ येईल. फणी कडीला टांगली, माझी शेवटची चकती पुन्हा तापवली, बशीत ठेवली आणि मला जबरदस्तीने जेवायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी श्वास रोखला, त्यांनी चकती आत ठेवली, आणि टेंगूळ आलं. कधी नव्हे इतकं मोठं.

मी टाळी वाजवली. सर खूश झाले, म्हणाले, "बघ, माणूस ओळखतं. मालक गावाला गेला की गडी पण सुट्टी घेतो." मग ते हसता हसता थांबले. ते थांबणं मला अजून दिसतं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय, हे ते शोधत होते. चकती तीच, यंत्र तेच, रीत तीच. मग आपण येताना काय घेऊन आलो? त्यांची नजर हळूहळू खिडकीकडे गेली.

त्यांनी सुतळी सोडली आणि फणी माझ्या हातात दिली. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवून ये, एवढंच म्हणाले. मी परत आले तर त्यांनी खिडकी उघडली होती. ती खिडकी उघडते हे मला माहीतच नव्हतं. बाहेरचं ऊन भसाभस आत आलं. चकती पुन्हा तापवली, पुन्हा बशीत ठेवली. दिवसभर आम्ही घाम पुसत बसून राहिलो. मग आलेख काढला. सपाट.

त्यांनी एक केळं मागवलं. बशीतल्या चकतीच्या शेजारी ते ठेवलं आणि दोन्हींवर काचेची मोठी हंडी पालथी घातली. सकाळी आलेख काढला तेव्हा टेंगूळ कागदाच्या वर निघून गेलं होतं.  त्या खोलीत सर नेहमी पुस्तकी मराठी बोलत. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून गावची बोली ऐकली.

"हाई पानी नही शे, पोरी. हाई आपलं केळं शे."

केळं पिकताना त्यातून एक वायू निघतो, इथिलीन. केळी पिकवणाऱ्या वखारीत तोच भरतात, जळगावात शाळेतल्या पोरालाही ते ठाऊक असतं. या वायूच्या रेणूचे दोन भाग अगदी सारखे. ते एकमेकांपासून ताणले जातात, पुन्हा जवळ येतात, पण दोन्ही बाजू इतक्या सारख्या की ती हालचाल प्रकाशाला धरताच येत नाही. एकटा असेपर्यंत ती कधी दिसत नाही. तो चांदीला टेकला की मात्र एक बाजू जड होते, तोल बदलतो, आणि तीच हालचाल दिसायला लागते. चांदीला धरलं की तो सहजी सुटतही नाही. हे जगात लोकांनी फार आधी शोधून ठेवलेलं होतं. सरांनीही वाचलेलं होतं. आपल्या खोलीत तो कुठून येणार, एवढाच प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता.

ते केळं त्यांनी हंडीखालून काढलं, सोललं, मोडून अर्धं मला दिलं आणि त्या खोलीत, यंत्रासमोर उभं राहून अर्धं स्वतः खाल्लं. म्हणाले, खा, एवढ्या वर्षांचं आहे, चांगलं पिकलंय.  मग त्यांनी साल घडी करून खिशात ठेवली आणि त्याच दिवशी नियतकालिकाला कळवून लेख मागे घेतला. मी म्हटलं, सर, थोडं थांबा, विचार करू. ते म्हणाले, विचार आधी करायचा होता, आता फक्त कळवायचं आहे.

लोक हसले. हसणारच. विभागप्रमुखांनी जिन्यात सरांना विचारलं म्हणे की आता आंब्यावर काम करणार का. सरांनी शांतपणे उत्तर दिलं की हंगाम संपत आला, पुढच्या वर्षी बघू. निरोप समारंभात भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं, आणि सर बोलायला उभे राहिले तर त्यांनी ही केळ्याची गोष्टच सांगितली, पहिल्यापासून, अत्तराच्या प्रसंगासकट. सगळं सभागृह हसत होतं. मी शेवटच्या ओळीत बसून त्यांचा कापणारा हात बघत होते.

माझी पीएच.डी. मात्र बुडाली नाही. सरांनीच विषय फिरवून दिला. पाणी सोडून दे, म्हणाले, हा थर जे खरोखर धरतो त्याच्यावर लिही. निवृत्तीनंतरही ते चोपड्याहून एसटीने यायचे, माझे आलेख तपासायचे. माझी पदवी केळ्याच्या वायूवर उभी आहे, हे मी कुणालाही सांगते. त्यांनी मात्र माझ्याकडून एक वचन घेतलं. फणी ते अजूनही आणत, फक्त आता व्हरांड्यात टांगत. तिथेच एकदा म्हणाले, "बठ्ठ्या जगाले सांग. फक्त अक्काले सांगू नको. ती केळं देनं बंद करी."

गेल्या हिवाळ्यात सर गेले. मला कळलं तेव्हा सगळं उरकलेलं होतं. माझ्या कॉलेजात आता नवं यंत्र आहे. त्याच्या कोठीत सतत कोरडा नायट्रोजन फिरतो, कुणी श्वास रोखायची गरज नाही. तरी चकती ठेवताना मी अजून रोखते. समोर गाल फुगवून उभं कोणी नसतं. मला त्यांची फार आठवण येते. हे दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगता येईल असं मला वाटत नाही.

यंदा आखाजीला मी माहेरचा झोका सोडून त्यांच्या गावी गेले. अमळनेरवरून एसटीने, भर उन्हात, वेणीत गजरा न घालता. अक्का ओसरीवर होत्या. खूप थकल्या आहेत. सरांच्या नावाची नवी घागर भरून ठेवलेली, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, शेजारी गोड सांजोऱ्या आणि दोन आंबे. बाईने घागर भरू नये असं भाऊबंदांपैकी कुणी म्हणालं होतं. अक्कांनी त्याला विचारलं होतं, मंग तू शिकाडं व्हतं का त्याले? त्यानंतर कोणी काही म्हणालं नाही. चुलीतल्या निखाऱ्यावर तुपाचा घास टाकून त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. घागर कोरी होती, बाहेरून पाझरत होती, आणि मातीचा गार वास ओसरीभर झाला होता.

मी सहज म्हटलं, अक्का, सर दर सोमवारी फणी आणायचे, आम्हाला सगळ्यांना वाटायचे. अक्का हसल्या.

"त्याले केळं कोठे आवडे, बहीण? धाकलपनपासून खाये नही तो. माले सांगे, अक्का, तठे खोलीमा कसानाच वास नही ये, मन लागत नही. फणी टांगी का घर वाटस."

 इतकी वर्षं मी समजत होते की आमच्या सगळ्यांसारखा सरांनाही तो वास येत नव्हता. त्यांना येत होता. एसटीचं डिझेल ओळखणाऱ्या त्या माणसाने सगळ्या जगाचे वास खोलीबाहेर काढले होते आणि हा एक राहू दिला होता. त्या दिवशी यंत्रासमोर उभं राहून न आवडणारं केळं त्यांनी शेवटपर्यंत खाल्लं होतं, तेही मला आता कळलं.

अक्कांनी पदराने घागरीचं तोंड पुसलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, "तो माले नेहमी सांगे, एकलं पानी शोधी राहिनू म्हने. मंग ते सापडनं का त्याले?"

मला वचन आठवलं. खिडकीची कडी आठवली, सुतळी आठवली, आणि कागदाबाहेर गेलेलं ते टेंगूळ.

"नही सापडनं, अक्का," मी म्हटलं. "तठे एकलं कोनी व्हतंच नही."

अक्कांनी मान हलवली. मग भिंतीला धरून उठल्या, विळा घेतला, आणि मला द्यायला फणी कापून आणते म्हणून बागेकडे निघाल्या.